फाउंडेशन लावलंय का?

लग्नाला जायचंय. तुम्ही आधी काय करता? चेहरा धुता, मॉइश्चरायझर लावता, मग प्रायमर, मग फाउंडेशन, आणि त्यानंतर कुठे खरी रंगरंगोटी सुरू होते. नेलपॉलिशच्या आधी बेस कोट लागतो, हे तर कॉलेजातल्या कुठल्याही मुलीला झोपेतून उठवून विचारा. मुलांनो, हसू नका! बाइकला डेण्ट पडला की गॅरेजवाला आधी घासतो, लांबी भरतो, प्रायमर मारतो आणि मगच रंगाचा स्प्रे हातात घेतो, हे तुम्ही चहाचा ग्लास हातात धरून, शेजारी उभं राहून पाहिलेलं असतंच. म्हणजे फंडा सगळ्यांनाच ठाऊक आहे. रंग टिकतो तो खालच्या थराच्या जिवावर.

फक्त चित्र काढायला बसलो की हे सगळं आपण साफ विसरतो.

तुमच्यापैकी निम्म्या लोकांच्या कपाटात, दहावीच्या मार्कशीटच्या मागे, एलिमेंटरी नाहीतर इंटरमीजिएटचं सर्टिफिकेट असणार. पैज लावते! ग्रेड कुठलीही असो. मग अकरावी सायन्स, एण्ट्रन्स, इंजिनीअरिंग, नोकरी, ईएमआय. चित्रकला उरली ती लांबलेल्या मीटिंगमध्ये वहीच्या कोपऱ्यात काढलेल्या वेलबुट्टीपुरती. आणि मग तिशीच्या आगेमागे कधीतरी हात शिवशिवायला लागतात. माझ्या ओळखीत सध्या असे हात शिवशिवणारे बरेच झालेत. मी काही आर्टिस्ट वगैरे नाही, पण गेली बारा वर्षं दर रविवारी रंगवत बसते, हे माहीत असल्यामुळे सगळे मलाच विचारतात. प्रश्न ठरलेले. रंग कुठले घेऊ? ब्रश किती नंबरचे? अॅक्रिलिक बरं की ऑइल? 'कशावर काढू?' हे मात्र कोणी म्हणजे कोणी विचारत नाही. 'असेल की काहीतरी घरात!'

आजचा कॉलम या 'काहीतरी'साठी.

सँडविचची भानगड

चित्र म्हणजे सरळसरळ सँडविच. सगळ्यात खाली आधार: कागद, कापड, लाकूड किंवा भिंत. त्यावर खळ, जिला आर्टवाले 'साइझ' म्हणतात. सुती साडीला खळ करतात ना, नात्यातलीच गोष्ट. तिचं काम म्हणजे धाग्यांमधली आणि तंतूंमधली छिद्रं बुजवायची. त्यावर अस्तर, म्हणजे ग्राउंड किंवा प्रायमर. आणि सगळ्यात वर, ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, तो रंग.

मधले दोन थर गाळले तर काय होतं? ऑइल कलरमध्ये जवसाचं तेल असतं. ते सुकतं म्हणजे उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. हे तेल थेट सुती कापडात मुरलं की कापडाचे धागे हळूहळू ठिसूळ होतात. कागदाचंही तेच. शिवाय तहानलेला पृष्ठभाग रंगातलं तेल पिऊन टाकतो आणि वर नुसती कोरडी भुकटी उरते. रंग निस्तेज दिसतो, बोट फिरवलं तर बोटाला लागतो. याच्या उलट सनमायकासारखा गुळगुळीत पृष्ठभाग काहीच पीत नाही. मग रंगाला धरायलाच जागा नसते आणि तो पापुद्र्यासारखा निघतो.

म्हणजे चांगल्या पृष्ठभागाची कामं तीन. रंगाला धरून ठेवायचं, रंग प्यायचा पण बेतानं, आणि स्वतः फार हलायचं नाही. (नवरा निवडतानाही हेच तीन निकष लावावेत असं माझी मावशी म्हणते, पण तो वेगळा कॉलम!)

वाटतं तितकं हे मामुली नाही बरं का. भल्याभल्यांची दांडी इथे उडाली आहे. साक्षात लिओनार्दो द विंचीची! मिलानमधल्या मठाच्या भोजनगृहात त्यानं 'द लास्ट सपर' रंगवलं ते साधारण १४९५ ते १४९८ या काळात. भिंतीवर रंगवायची तेव्हाची पक्की पद्धत म्हणजे फ्रेस्को. ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर रंग लावायचा आणि गिलावा सुकायच्या आत तेवढा तुकडा संपवायचा. लिओनार्दोला घाई मंजूर नव्हती. त्याला थांबायचं होतं, बघायचं होतं, पुन्हा हात फिरवायचा होता. म्हणून त्यानं कोरड्या भिंतीवर स्वतःचं अस्तर लावून टेम्परा आणि तेलाचा प्रयोग केला. रंगांनी भिंत धरलीच नाही. लिओनार्दो हयात असतानाच चित्र खराब व्हायला लागलं होतं. अलीकडचं मोठं रिस्टोरेशन १९७८ साली सुरू झालं आणि १९९९ साली संपलं. चित्र काढायला तीन-चार वर्षं, सावरायला एकवीस!

आता आपल्या अजिंठ्याकडे बघा. तिथली बरीचशी चित्रं पाचव्या शतकातली, काही तर त्याच्याही पाच-सहाशे वर्षं आधीची. तीही कोरड्या गिलाव्यावरचीच. पण खालची तयारी बघा! आधी खडकाचा पृष्ठभाग छिन्नीच्या घावांनी खडबडीत ठेवला, म्हणजे गिलाव्याला पकड मिळेल. त्यावर भाताची तुसं आणि गवता-वनस्पतींचे तंतू कालवलेला मातीचा जाड थर. त्यावर आणखी बारीक माती. त्यावर पातळ पांढरा हात. आणि मग चित्र. पडझड तिथेही झाली आहेच, पण दीड हजार वर्षांनंतर आपण बोधिसत्त्वाच्या हातातलं कमळ बघू शकतो याचं अर्धं श्रेय त्या माती कालवणाऱ्या अनाम हातांचं. शेजारच्या वेरूळची तर आणखी गंमत. तिथल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आहेत, असं २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनातून पुढे आलं. त्या तंतूंमुळे गिलावा टिकला आणि किडींपासून वाचला असावा, असं संशोधकांचं म्हणणं. मंडळी, ही रेसिपी घरी करून बघू नये!

आणि इतकं लांब तरी कशाला जायचं? वारली बघा. कुडाची भिंत आधी शेणामातीनं सारवायची, त्यावर गेरूचा हात द्यायचा, आणि मग तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ. जिव्या सोमा मशे यांनी ही कला कागद-कापडावर आणून जगभर नेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, पण कापडावरही आधी शेणाचा किंवा गेरूचा हात द्यायची रीत सुटली नाही. दिवाळीत दारापुढच्या फरशीच्या तुकड्यावर गेरू लावून मगच रांगोळी घालणारी आपली आई दुसरं काय करत असते?

तिला कुठे माहीत होतं?

आता एक खरी गोष्ट. आमच्या आधीच्या ऑफिसात टेस्टिंगला एक मुलगी होती. आमची चांगली दोस्ती. तिला असेच तिशीत हात शिवशिवायला लागले. हौसेनं ऑइल कलरचा मोठा सेट आणला. घरी किचनच्या ट्रॉलीजचं काम चालू होतं, सुतार प्लायचा एक तुकडा मागे टाकून गेला होता. 'प्रॅक्टिस म्हणून' तिनं त्यावर थेट रंग लावला. एका जुन्या फोटोवरून रत्नागिरीजवळचं त्यांचं घर काढलं. पडवी, लाल कौलं, समोरचा फणस.

चित्र काही ग्रेट नव्हतं, हे तीच सांगते. पण तिच्या बाबांनी ते पाहिलं, काही न बोलता फ्रेमवाल्याकडे नेलं आणि आपल्या खुर्चीसमोर टांगलं. पुढे भावकीत वाटण्या झाल्या, घर विकलं गेलं, नव्या मालकानं ते पाडलं. मग काय, खुर्चीसमोरची फ्रेम हेच त्यांचं घर.

तिसऱ्या पावसाळ्यात आभाळात तपकिरी डाग उमटले. प्लायचा वरचा पापुद्रा लाकडाच्या रेषांवर तडकला. मग फ्रेमच्या तळाशी लाल कण साचायला लागले. कौलं झडत होती हो! बाबा ते कण कागदावर टिपून गोळ्यांच्या रिकाम्या डबीत ठेवायचे. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

ती मला म्हणाली, "अगं, वरून वार्निश मारू का?" मी म्हटलं, वार्निश वरच्या अंगाला संरक्षण देतं. इथे सुटलंय खालून. एखादा कॉन्झर्वेटर उरलेला रंग आहे तिथे धरून ठेवू शकेल, गेलेला परत आणू शकणार नाही. ती बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "पण मला काय माहीत, हे ठेवायचं चित्र आहे म्हणून?"

हे वाक्य माझ्या डोक्यात घर करून बसलं आहे. कारण मुद्दा नेमका तोच आहे. चित्र सुरू करताना ते ठेवायचं की टाकायचं हे कोणालाच माहीत नसतं. ते नंतर ठरतं, आणि बऱ्याचदा ते आपण ठरवतच नाही. बाबा ठरवतात, मुलं ठरवतात, काळ ठरवतो. अस्तर मात्र आधीच लावावं लागतं. नंतर लावायची सोयच नाही.

तर आता कामाचं बोलू. कशावर काढायचं आणि त्यासाठी काय करायचं?

कागद: जीएसएम बघून घ्या

कागदाच्या पॅडवर 'जीएसएम' लिहिलेलं असतं. एका चौरस मीटर कागदाचं वजन, ग्रॅममध्ये. झेरॉक्सचा कागद साधारण ७० ते ८० जीएसएमचा. वॉटरकलर करायचं असेल तर डोळे मिटून ३०० जीएसएम घ्या. त्यापेक्षा पातळ कागदावर पाणी पडलं की त्याचा पापड होतो. पातळच वापरायचा असेल तर तो आधी ताणून घ्यायचा. काही मिनिटं स्वच्छ पाण्यात भिजवायचा, प्लायच्या किंवा ड्रॉइंग बोर्डावर सपाट पसरायचा, चारी कडांना पाणी लावून चिकटवायची तपकिरी गम टेप लावायची आणि आडवाच ठेवून सुकू द्यायचा. सुकताना तो आखडतो, टेप त्याला धरून ठेवते, आणि ढोलकीच्या पानासारखा ताठ होतो. आता हवं तेवढं पाणी ओता. साधी मास्किंग टेप इथे चालत नाही, ओल्यावर ती सुटून येते.

दुसरी गोष्ट पोताची. हॉट प्रेस्ड म्हणजे गुळगुळीत, बारीक रेघांच्या कामासाठी. रफ म्हणजे भरपूर खडबडीत. कोल्ड प्रेस्ड मधला. पहिल्यांदा घेताय तर कोल्ड प्रेस्ड. तिसरी गोष्ट, कागद कशाचा आहे? १०० टक्के कॉटनचा कागद महाग, पण वर्षानुवर्षं पांढरा राहतो. लाकडाच्या साध्या लगद्यात लिग्निन असतं, त्यानं कागद पिवळा पडतो आणि कडक होतो. जुन्या वर्तमानपत्राचं काय होतं ते तुम्ही पाहिलंय. 'अॅसिड फ्री' लिहिलेलं असेल तर मधला मार्ग म्हणून चालेल.

कागदाला खळ कारखान्यातच दिलेली असते. ती ठीक आहे का, हे बघायला कोपऱ्यात पाण्याचा एक थेंब टाका. थोडा वेळ थेंब म्हणून बसला तर उत्तम. टीपकागदासारखा लगेच जिरला, तर तो कागद वॉटरकलरच्या कामाचा नाही. आणि मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात कागद उघडा ठेवू नका. दमट हवेत खळीचा जोर जातो, बुरशी धरते, आणि मग रंग लावला की मध्येच ठिपके ठिपके दिसतात. प्लास्टिकच्या बंद पिशवीत, बुटांच्या खोक्यातून येणाऱ्या त्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. एरवी त्या आपण फेकूनच देतो ना!

कागदावर ऑइल कलर करायचाय? करा की. फक्त आधी अॅक्रिलिक जेसोचे दोन-तीन हात द्या, नाहीतर प्रत्येक रंगाभोवती वड्याच्या कागदासारखा तेलाचा डाग पसरेल.

कापड: मांजरपाट झिंदाबाद

तयार कॅनव्हास दुकानात मिळतो तो बहुतेक कॉटनचा, आधीच प्रायमर मारलेला. घेताना तीन गोष्टी बघा. मध्यावर टिचकी मारा, टप् असा ताठ आवाज यायला हवा. उजेडासमोर धरा, प्रायमर नीट असेल तर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं दिसणार नाहीत. आणि फ्रेम टेबलावर ठेवून चारी कोपरे टेकतात का बघा. मागच्या कोपऱ्यांत लाकडी पाचरी असतील तर बेस्ट. कॅनव्हास सैल पडला की त्या हलकेच ठोकायच्या, पुन्हा ताठ. तयार प्रायमर फार पातळ वाटला तर घरी आणखी एक हात द्यायला कोणी अडवलेलं नाही.

स्वतः करायचं तर मांजरपाट आणा. तोच पिवळट, जाडाभरडा, आजीच्या काळातला. आधी गरम पाण्यात धुवा, म्हणजे गिरणीची खळ जाईल आणि आटायचं ते आटून जाईल. इस्त्री करा. लाकडी फ्रेमपेक्षा चारी बाजूंनी दोन-दोन इंच जास्त कापा. ताणताना कोपऱ्यापासून सुरू करायचं नाही! आधी चारी बाजूंच्या मध्यावर एकेक पिन, समोरासमोर, मग मध्याकडून कोपऱ्यांकडे सरकायचं. कोपऱ्यापासून सुरू केलं की सुरकुती पडलीच.

मग जेसो. हा शब्द इटालियन, अर्थ खडू किंवा जिप्सम. जुना जेसो म्हणजे प्राण्यांच्या कातडीपासून केलेल्या सरसात कालवलेली खडूची पूड. तो लाकडावर झकास बसायचा, पण कापडावर तडकायचा. आज दुकानात मिळतो तो अॅक्रिलिक जेसो १९५० च्या दशकातला शोध. त्याचा फायदा असा की खळ आणि अस्तर ही दोन्ही कामं तो बऱ्यापैकी एकट्यानं करतो आणि कापडाबरोबर वाकतो. पहिला हात किंचित पाणी घालून, एकाच दिशेनं. सुकला की बारीक पॉलिश पेपरनं हलकं घासायचं, ओल्या फडक्यानं धूळ पुसायची. दुसरा हात आडवा. अॅक्रिलिक रंगासाठी दोन हात पुरतात, ऑइलसाठी तिसरा द्या. अॅक्रिलिक रंग तासाभरात लावता येतो. ऑइलला मात्र निदान एक दिवस थांबा, आणि पावसाळा असेल तर तीन. वरून सुकलेलं दिसतं, आतून ओलं असतं.

एक नियम भिंतीवर लिहून ठेवा. अॅक्रिलिकवर ऑइल चालतं, ऑइलवर अॅक्रिलिक कधीच नाही. तेलावर पाणी ठरतं का?

'घरात भिंतीचा प्रायमर उरलाय, तो लावू?' हा प्रश्न येणारच. भिंत वाकत नाही, कापड वाकतं. भिंतीच्या प्रायमरमध्ये खडू भरपूर आणि चिकटवणारा माल कमी, त्यामुळे कापडावर तो तडकू शकतो. खर्च वाचवायचाय तर लहान कॅनव्हास घ्या, अस्तर मात्र नीट लावा.

'पण मोठमोठे आर्टिस्ट तर कशावरही काढायचे!' हो, काढायचे. व्हॅन गॉग आणि गोगँ १८८८ साली आर्लमध्ये एकत्र राहत होते, तेव्हा गोगँनं वीस मीटर तागाचं जाडंभरडं कापड आणलं आणि दोघांनी त्यावर चित्रं काढली. मुंकचं 'द स्क्रीम', १८९३ सालचं, चक्क पुठ्ठ्यावर आहे. हेलन फ्रँकेन्थेलरनं १९५२ साली 'माउंटन्स अँड सी' करताना जमिनीवर कोरा कॅनव्हास पसरला आणि पातळ केलेला ऑइल रंग त्यावर ओतला. रंग कापडात मुरावा, हाच तिचा हेतू होता. भन्नाट चित्र! पण त्या कापडात तेलही मुरलं, आणि पुढे ती अॅक्रिलिककडे वळली. फरक एवढाच की यांची चित्रं सांभाळायला म्युझियमं आहेत, मोजलेलं तापमान, मोजलेला उजेड, पगारी तज्ज्ञ. तुमच्या चित्राला हॉलची भिंत आहे आणि शेजारी बाथरूमची ओल.

फळी: स्वस्त, ताठ आणि जरा लहरी

नवशिक्यांना मी फळीच सुचवते. एमडीएफ किंवा हार्डबोर्डचे तुकडे प्लायवूडच्या दुकानात मापात कापून मिळतात, कॅनव्हासपेक्षा स्वस्त पडतात, आणि ताठ असल्यामुळे वरचा रंग कमी तडकतो. लहरी अशासाठी की त्यांना पाणी सोसत नाही. समोरून जेसो लावला आणि मागची बाजू कोरी ठेवली तर फळी दमट हवेत धनुष्यासारखी वाकते. म्हणून रंग कुठेही काढा, बंद मात्र सहाच्या सहा बाजू करायच्या. पुढची, मागची आणि चारी कडा. कडा सगळ्यात जास्त पाणी पितात.

क्रम असा. पॉलिश पेपरनं घासा, चमक घालवा. (एमडीएफची धूळ बारीक असते, तोंडाला मास्क लावा, कोविडच्या काळातले पडले असतीलच घरात!) धूळ पुसा. मग अॅक्रिलिक मीडियमचा एक पारदर्शक हात सगळीकडून. लाकडातला तपकिरी रंग वर झिरपून पांढऱ्याला पिवळा करतो, त्याला हा हात अडवतो. मग जेसोचे तीन हात, उभा-आडवा-उभा, प्रत्येक दोन हातांमध्ये हलकं घासून. एका संध्याकाळी दोन, दुसऱ्या संध्याकाळी एक. मालिका बघता बघता होतं.

माझ्या मैत्रिणीनं पुढे हेच केलं. तोच फोटो, तेच घर, हार्डबोर्डवर, सगळे थर देऊन. यावेळी हातही बसला होता. बाबांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "छान झालंय. पण ही पडवी नवी वाटते." जुनं उतरवू दिलं नाही. आता त्यांच्या खुर्चीसमोर दोन घरं आहेत, एक पडकं आणि एक धडधाकट. गोळ्यांची डबी फ्रेमच्या मागे. तिनं मला फोन करून हे सांगितलं तेव्हा ती हसत होती की रडत होती, मला नीट कळलं नाही.

आणि पांढऱ्याची भीती?

महागडा कॅनव्हास आणून दोन वर्षं कपाटामागे उभा करून ठेवलेले किती जण आहेत? हात वर करा. कारण एकच. 'वाया गेला तर?' कोरा पांढरा कॅनव्हास म्हणजे अप्रेझलचा कोरा फॉर्म. बघूनच पोटात गोळा!

यावर दोन उपाय. पहिला, पांढरा ठेवूच नका. जेसो सुकला की गेरूसारखा किंवा मातकट रंग भरपूर पातळ करून फडक्यानं फासून टाका. जुन्या युरोपियन चित्रकारांची ही नेहमीची पद्धत. मधला टोन तयार मिळतो, उजेड आणि सावली दोन्ही चटकन दिसतात, आणि पांढऱ्याची दहशत संपते. दुसरा उपाय, एका वेळी एकच पृष्ठभाग कधी तयार करू नका. चार-पाच करा. एकुलत्या एकाचं टेन्शन येतं. पाच असले की एखादा बिघडायलाही मोकळा असतो. आणि ज्याला आपण स्वतः घासलंय, पुसलंय, तीन वेळा हात दिलाय, त्याची भीती वाटत नाही. ओळख झालेली असते.

म्हणून या रविवारी चित्र काढूच नका. खरंच सांगते. मार्केटमध्ये जा, हार्डबोर्डचे पाच तुकडे कापून आणा, एक जेसो, एक रुंद ब्रश, दोन पॉलिश पेपर. बाल्कनीत जुने पेपर पसरा, गाणी लावा आणि नुसते हात देत बसा. ना आयडिया लागते, ना टॅलेण्ट, ना कोणी 'हे काय काढलंय?' म्हणून विचारत. रात्री पाचही भिंतीला टेकवून ठेवा.

पुढच्या रविवारी त्यातल्या कुठल्या तरी एकावर तुम्ही काहीतरी काढाल. ते बहुतेक यथातथाच असेल. पण ते कोणाच्या खुर्चीसमोर जाऊन बसेल, हे तुम्हाला आज कुठे माहीत आहे?

चला तर मग, हात पांढरे करा. भेटू पुढच्या आठवड्यात!